नऊ कुठल्या घातातलं?

निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात आकडे शेपूट कापूनच बोलायची पद्धत आहे. ‘आज चौदा गेला’ असं अडतीवर कुणी म्हटलं, की त्यापुढची शून्यं ऐकणाऱ्यानं आपल्या मनात लावून घ्यायची. ज्याला ती लावता येत नाहीत, त्यानं बाजारात उभं राहू नये. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर अशा अडतवाल्यांचं. लग्नाच्या बोलणीत मी विचारलं, तुमच्याकडून माणसं किती येतील? होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, “चार.” मला वाटलं, काय साधी माणसं! लग्नाला चारशे आली, आणि आमचा आचारी भाताच्या पातेल्यापाशी कपाळाला हात लावून बसला.

मी बेळगावात शहापूरच्या बाजूला एका मराठी शाळेत गणित शिकवते. आकडा पुरता सांगितला नाही की माझं डोकं फिरतं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा दूधवालासुद्धा माझ्याशी बोलताना ‘अर्धा’ म्हणत नाही, ‘अर्धा लिटर’ म्हणतो. तेव्हा त्या घराशी माझं किती पटत असेल, याची कल्पना येईल. धाकटी मात्र तिथं साखरेसारखी विरघळली. वर्षाच्या आत ‘भाजी किती आणली?’ म्हटल्यावर तीही ‘दोन’ एवढंच म्हणायला लागली.

लग्नानंतर थोड्याच काळात तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. हा शब्द लिहितानाही हात जड होतो, म्हणून लगेच पुढचं सांगते: तो गोळीनं ताब्यात राहणारा होता. रोज एक गोळी, न चुकता, आणि दर काही महिन्यांनी बेळगावात रक्त द्यायचं. धाकटीचे केस गेले नाहीत, ती अंथरुणाला खिळली नाही, निपाणीत तिचा शिवणक्लास चालूच राहिला. बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. एकच गोष्ट डॉक्टरबाईंनी बजावून सांगितली होती. ही गोळी चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही, बाळाला धोका असतो. आणि धाकटीला मूल हवं होतं. तिनं ते कधी लपवलं नाही. क्लासला येणाऱ्या बायका कडेवरची पोरं तिच्या मांडीवर ठेवून मशिनवर बसायच्या, आणि ती त्या पोरांना मांडीवर घेऊनच दुसऱ्यांचे ब्लाउज कापायची.

“मग गोळी कधीच थांबणार नाही का?” मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं.

त्यांनी कागद पुढे ओढला. रक्तात त्या बिघडलेल्या पेशींची खूण किती उरली आहे हे तपासणीत मोजतात, म्हणाल्या. उत्तर इतकं बारीक असतं की साध्या अपूर्णांकात लिहिलं तर शून्यं मोजताना डोळे फिरतात. म्हणून दहाच्या घातात लिहायचं. पुढे एक आकडा, मग गुणिले दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीक अक्षरात उणे काहीतरी. “हा आकडा दहाच्या उणे चौथ्या घाताच्या खाली गेला पाहिजे. ढोबळ मानानं लाखात दहापेक्षा कमी. आणि तिथं बराच काळ टिकला पाहिजे. मग गोळी थांबवून बघू, मग मुलाचं बोलू.”

मी तर खूशच झाले. जगात कुणाला दुखण्यात आपल्या विषयाचा धडा सापडत असेल? आठवीच्या पुस्तकातला हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. मुलांची चूकही ठरलेली. फळ्यावर लिहायचं: परागकणाची रुंदी तीन गुणिले दहाचा उणे पाचवा घात मीटर, रक्तातल्या तांबड्या पेशीची आठ गुणिले दहाचा उणे सहावा घात. मोठं कोण? सगळा वर्ग एका सुरात: पेशी! का? आठ मोठे. मी कपाळ बडवून घ्यायची आणि मग सांगायची, बेळगावात पत्ता शोधताना आधी घर नंबर बघता की आधी गल्ली? आधी गल्ली ना? मग घात म्हणजे गल्ली, पुढचा आकडा म्हणजे घर नंबर. आणि उणे आकड्यांच्या गल्ल्या उताराला लागतात. उणे पाच ही उणे चारच्या खाली, उणे सहा त्याच्याही खाली. खालच्या गल्लीतलं नवव्या नंबरचं घरसुद्धा वरच्या गल्लीतल्या पहिल्या घराच्या खालीच असतं. हे सांगितल्यावर पोरं बरोबर उत्तर देतात. परीक्षेत पुन्हा चुकतात, ते सोडा.

धाकटीचा आकडा हळूहळू उतरत गेला. सुरुवातीला उणे एकच्या गल्लीत होता, मग उणे दोन, उणे तीन. मग दोन गुणिले दहाचा उणे चौथा घात, इथं येऊन तो बसला. पुढच्या तपासणीत पुन्हा दोन, त्याच्या पुढच्या तपासणीतही दोन. सीमेच्या जरा वर, लाखात वीस.

पहिल्यांदा हा दोन आला तेव्हा जावयांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, घरच्या ग्रुपवर टाकला होता. फोनवर टाइप करताना घात डोक्यावर चढत नाही, सरळ रांगेत उभा राहतो. ‘2x10-4’. धाकटीच्या चुलत दिरानं ते सोडवलं. बे दाहे वीस, वजा चार, सोळा. ‘सोळा आलंय’ म्हणून कुणी हळहळलं, कुणी हा सोळा चांगला की वाईट असं विचारलं, आणि एका आत्याबाईंनी सोळा सोमवारांचं व्रत सुचवलं. त्यावर विहीणबाईंनी, म्हणजे धाकटीच्या सासूबाईंनी (ती त्यांना ‘आत्ती’ म्हणते), घरात फर्मान काढलं. ग्रुपवर काही टाकायचं नाही. रिपोर्ट आला की आधी त्यांना सांगायचं, फक्त पुढचा आकडा, आणि मग त्या सगळ्यांना सांगतील. “शेपटाच्या भानगडीत पडायचं न्हाय. शेपटानंच घोळ केलाय सगळा.”

मी फोनवर त्यांना समजवायला गेले. “मावशी, बाजारात शेपूट सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून ते कापलं तर चालतं. इथं शेपटातच सगळं आहे.”

“बाई, तुमचं गणित शाळंत,” त्या म्हणाल्या. “हितं माझं घर हाय.”

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी वर्गात विनाकारण दोघांना उभं केलं.

तर त्या चैत्रातली दुपार. शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणं चालू होतं. पंखा गरम वारा खाली लोटत होता, आणि मी नेमकी त्याच धड्याच्या प्रश्नापाशी होते. फोन वाजला. धाकटी.

“आक्का, नऊ आलंय गं.”

तिचा आवाज ऐकूनच माझ्या हातातलं लाल पेन थांबलं.

“नऊ गुणिले दहाचा उणे किती?”

“ते ठाऊक न्हाय. मी क्लासात होते, फोन आवाज बंद करून ठेवलेला. ह्यांनी दोनदा लावलता. मग आत्तींना फोन करून नऊ सांगितलं आणि गाडी घेऊन सदलग्याकडं गेले, तंबाखू बघायला. आता त्यांचा फोन लागत न्हाय.” मग जरा थांबून म्हणाली, “दोनाचं नऊ झालं, आक्का. मी आता परत रक्त देणार न्हाय. बास झालं मला.”

मी तिला चांगलंच झापलं. घात कळल्याशिवाय रडायचं नाही, म्हणाले. हे म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर आठ मोठे की तीन मोठे यावर पोरांना रागावलेली मी, त्या क्षणी मलाही फक्त नऊ दिसत होते. दोनच्या शेजारी उभे राहिलेले मोठे, धिप्पाड नऊ.

लॅबच्या बेळगावातल्या सेंटरला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, फोनवर आकडा सांगत नाही, रिपोर्ट पेशंटच्या नंबरवर गेलाय. पेशंटचा नंबर म्हणजे जावयांचा नंबर. मी चढ्या आवाजात बोलायला लागले तशी तिनं “नाळे बर्री” म्हणून टाकलं, उद्या या. डॉक्टरबाई परगावी होत्या. मी पेपरांचा गठ्ठा कपाटात ढकलला, हेडबाईंना बहिणीचं कारण सांगितलं आणि रिक्षा करून स्टँड गाठलं.

निपाणीची बस काकती ओलांडेपर्यंत मी देवाचं नाव घेत होते. त्यानंतर गणितच सुरू केलं, कारण मला देवापेक्षा त्याची सवय जास्त. नऊ गुणिले दहाचा उणे तिसरा घात असेल तर लाखात नऊशे. म्हणजे गोळीनं काम करणं सोडलं, दुसरी गोळी शोधायची, तीही लागू पडली तर. नऊ गुणिले दहाचा उणे चौथा असेल तर लाखात नव्वद. विसाचे नव्वद. तेही वाईटच, मुलाचं नाव काही वर्षं काढायचं नाही, आणि धाकटी आता तिशीच्या पुढे गेलेली. उणे पाच असेल तर लाखात नऊ. सीमा लाखात दहा. म्हणजे पार, काठावरून का होईना. एकच नऊ, तीन जागी ठेवले तर तीन वेगळी आयुष्यं होत होती. वर्गात मी याला ‘दशांश चिन्ह एक घर सरकलं’ म्हणत आले होते.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर बस थांबली. शेजारच्या बाईनं मला विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, उणे पाच असलं तर बरं आहे. तिनं पदर सावरला आणि खिडकीकडे तोंड केलं. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला, जावयांचा फोन बंदच.

निपाणीचं घर खाली वखार, वर राहणं असं. जिना चढेस्तोवर तंबाखूच्या वासानं मला शिंका येतात, तशा आल्या. धाकटी माझ्या शिंकांवरूनच ओळखून दारात आली. डोळे सुजलेले. मी तिला जवळ घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. भर दुपारी समई लावली होती.

“मावशी, जावयांनी नेमकं काय सांगितलं?”

“नऊ.”

“आणि पुढं?”

“पुढं दहावर कायतरी म्हणत होता. मी म्हटलं, आकडा सांग, शेपूट नको. मग हसल्यागत आवाज केला आणि ठेवला फोन. का हुंदका होता कुणाला ठाऊक. लई वारं होतं तिकडं.”

“उणे पाच म्हणाले का? उणे चार? आठवून बघा.”

“बाई, मी शेपूट ऐकतच न्हाय.”

मग माझा तोल गेला. विहीण म्हणून नाही, मोठ्या म्हणून नाही, मी त्यांना वर्गात बोलावं तशी बोलले. हा काय तुमच्या तंबाखूचा भाव आहे का, म्हणाले. माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला बारीक आकडा ऐकायचा कंटाळा येतो? नातवाचं लांबलं म्हणून समया लावून बसताय, त्याआधी जरा कान लावला असता तर? त्यांनी समईची वात तेवढी बोटानं पुढे सारली.

“आक्का, त्यांच्यावर ओरडू नकोस,” धाकटी मागून म्हणाली. “सकाळधरनं पाणी प्यायल्या न्हाईत त्या.”

मग आम्ही तिघी जावयांची वाट बघत बसलो. खाली वखारीत हमाल तंबाखूचे बोद, मोठाले गठ्ठे, रचत होते, त्यांचे आवाज वर येत होते. धाकटीनं चहा ठेवला, कुणीच प्यायलं नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं.

संध्याकाळच्या सुमारास जिन्यावर बूट वाजले. जावई आत आले. शर्ट धुळीनं माखलेला, आणि हातात पेढ्यांचा मोठा पुडा. आम्हा तिघींची तोंडं बघून ते दारातच उभे राहिले.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“अहो, नऊ आलंय न्हवं?” धाकटी म्हणाली.

“व्हय, नऊ. मग पेढं कशाला आणलेत असं वाटतंय तुला?”

“पण दोनाचं नऊ झालं की!”

“अगं, गल्ली बदलली!” ते माझ्याकडे वळले. “आक्का, तुम्हीच सांगितलतं न्हवं मागं, आधी गल्ली बघायची म्हणून? उणे पाच हाय. उणे चार होतं ते उणे पाच झालंय. मी आईला तेच सांगत होतो तर म्हणाली शेपूट नको. म्हटलं राहू दे, घरी गेल्यावर दाखवू. फोन तिकडंच बंद पडला.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. पण माझा स्वभाव! तोंडी उत्तराला मी गुण देत नाही. “मला दाखवा,” मी म्हणाले.

फोन चार्जिंगला लावला. काळी काच बघत आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे. किती वेळ लागतो हो एवढ्याशा यंत्राला जागं व्हायला! शेवटी ते उजळलं, रिपोर्ट उघडला. नऊ दिसला, दहा दिसला, आणि दहाच्या डोक्यावर मुंगीएवढं काहीतरी. तीन आहे की पाच, माझ्या चष्म्यातून कळेना. जावयांनी दोन बोटांनी ताणून मोठं केलं. पाच. पोट गोल आणि वर आडवी रेघ. उणे पाच.

मी खाली फरशीवर बसले. हसायला यायला लागलं आणि थांबेना. धाकटी हसली नाही. ती म्हणाली, “आक्का, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. समजावून सांग.”

रागावलेल्या, रडवेल्या माणसाला गल्ल्या सांगून उपयोग नसतो. मी तिला घात सारखे करायला लावले. मागचा रिपोर्ट दोन गुणिले दहाचा उणे चौथा घात. तो उणे पाचव्यात आण. घात एकनं उतरला तर पुढचा आकडा दसपट होईल. मग किती? तिनं ओठ हलवले. “वीस.” म्हणजे वीस गुणिले दहाचा उणे पाचवा. आणि आताचा? “नऊ गुणिले दहाचा उणे पाचवा.” आता शेपूट दोघांचं सारखं झालं, आता काप हवं तर. वीस आणि नऊ.

“लाखात वीस होत्या,” ती हळूच म्हणाली. “आता नऊ हाईत.”

“आणि बाईंनी सांगितलेली हद्द?”

“दहा.” मग तिचे डोळे भरले, आणि या वेळी मी तिला रडू दिलं.

सासूबाई इतका वेळ मागे उभ्या होत्या. “म्हंजे विसाचं नऊ झालं?” त्यांनी जावयांना विचारलं. पुन्हा मला विचारलं, पुन्हा धाकटीला विचारलं. तिघांनीही व्हय म्हटल्यावर त्या माठापाशी गेल्या, तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायल्या, आणि मला जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून पिठाचा डबा काढला. मी त्यांना जे बोलले होते त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आम्ही दोघी भाकऱ्या थापत होतो आणि धाकटी नवऱ्याशी भांडत होती, की तिसऱ्यांदा फोन लावायला काय झालं होतं. इतकं गोड भांडण मी त्या घरात आधी ऐकलं नव्हतं.

पुढची दोन-अडीच वर्षं आकडा खालीच राहिला. एकदा सात, एकदा चार, उणे पाचमध्येच. मग एकदा आठ आलं. त्या वेळी मला फोन सासूबाईंनीच केला. “आठ हाय, बाई. पण उणे सहा. म्हंजे चारापेक्षा खाली, बराबर?” मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं “बरोबर!” म्हणाले आणि सगळे वळून बघायला लागले. आठवीतली निम्मी मुलं या प्रश्नाला अजून चुकतात.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. आम्ही चौघंही गेलो. सगळे रिपोर्ट ओळीनं मांडून त्या म्हणाल्या, आता गोळी थांबवायला हरकत नाही. आधी काही महिने नुसतं बघू, दर महिन्याला रक्त तपासू, आणि ठीक राहिलं तर मुलाचा विचार करायला मोकळ्या आहात. धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. जावई खुर्चीत पुढे सरकले. मी सासूबाईंकडे बघितलं. आता त्या हात जोडतील, नातवाचं काहीतरी बोलतील, असं मला वाटलं.

“गोळी थांबवल्यावर परत वर गेलं तर?” त्यांनी विचारलं.

“काहीजणांचं जातं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “लवकर लक्षात येतं. गोळी परत सुरू केली की बहुतेकांचं पुन्हा खाली येतं.”

“बहुतेकांचं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला. “मग नका थांबवू. हाय ते बरं हाय.”

“आत्ती,” धाकटी म्हणाली, “मला पायजे.”

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग डॉक्टरबाईंकडे बघून मान हलवली. “ती म्हणती तर थांबवा. पण महिन्याची तपासणी चुकवायची न्हाय. मी घेऊन येणार.”

बाहेर पडलो. जिन्यात गर्दी होती. जावई औषधाच्या दुकानापाशी थांबले, धाकटी पुढे उतरायला लागली. सासूबाईंना गुडघ्यामुळे वेळ लागतो, म्हणून मी त्यांच्या बरोबर होते. मधल्या वळणावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

“मास्तरीणबाई,” त्या म्हणाल्या, “त्या नऊच्या दिवशी तुम्ही मला लई बोललासा. मी नातवासाठी समई लावलीया म्हणालासा.”

मी एक पायरी उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मी देवाला म्हटलं हुतं, पोर नको देऊस. माझ्या घराला नको. ही पोर तेवढी ठेव.”

खाली धाकटीची पावलं थांबली होती. तिनं ऐकलं होतं. ती तशीच वळली, वर आली, सासूचा हात कठड्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला, आणि नाक ओढत म्हणाली, “चला आत्ती, बस चुकंल.”